आभाळातल्याचं नाव

डोकं तपासणाऱ्या बाई येणार म्हणून आत्यानं आदल्या दिवशी माझं डोकं शिकेकाईनं खसाखसा धुतलं, फणीनं उवा काढल्या आणि वरून दम भरला, "हलू नगंस. सरकारी बाई हाय. एक लीख जरी घावली तर नापास करंल." मी सातवीत होते. बाई उवा बघायला येत नाहीत एवढं मला कळत होतं. पण आत्याशी वाद घालायची सोय नव्हती. जिनिंगमध्ये कापूस ओढून तिचे हात असे राठ झाले होते की फणीपेक्षा तिची बोटंच जास्त लागायची.

आत्याचा तरी काय दोष? सेलूत शाळेतून पोरींमार्फत निरोप गेला होता तो तसाच, 'मुंबईच्या बाई पोरींची डोकी तपासणार.' कुणी म्हणे डोक्याला तारा लावतात, कुणी म्हणे वेड्यांची डॉक्टरीण आहे. एका पोरीच्या आईनं तर तिला चार दिवस घरातच डांबून ठेवली, कारण डोकं तपासलेल्या पोरीला पुढं कोण करून घेणार?

आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. रोज काहीतरी बदलायचं. मी पहिलीत उर्दूचा कायदा गिरवला होता. कायदा म्हणजे आमच्याकडं अक्षरं शिकायचं पुस्तक, कोर्टातला नव्हे. मग एके दिवशी मास्तरांनीच येऊन सांगितलं, उद्यापासून मराठी. त्यांना स्वतःला जोडाक्षरं धड येत नव्हती. आम्ही आणि ते बरोबरच शिकलो. शाळेवरची पाटी बदलली, पुस्तकं बदलली, साहेब बदलले. आता हे नवीन निघालं, मार्गदर्शन. कोणत्या मुलाचा मेंदू कशासाठी आहे ते म्हणे चाचणी घेऊन कळतं. बाई गावोगाव फिरून चाचण्या घेणार आणि ज्या मुलींची बुद्धी बरी निघेल त्यांना परभणीच्या वसतिगृहात ठेवून पुढं शिकवणार, मास्तरीण करणार.

मला मास्तरीण व्हायचं होतं. कामून ते विचारू नका, चांगलं कारण काही नव्हतं. हातात छडी असावी आणि कुणी 'ए पोरी' म्हणू नये एवढंच. वालूरला माझ्या बापाची मेंढरं आणि तुकडाभर रान होतं. मला शाळेसाठी सेलूत आत्याकडं ठेवलं ते आत्यानं भांडून भांडून. ती विधवा होती, मूलबाळ नव्हतं. बापानं या खेपेला स्वच्छ सांगितलं होतं, "सरकारनं निवडली तर शिकू दे बापडी. न्हाई निवडली तर चैतात सासरी घालवायची. पाव्हणे लय दिस थांबलेत."

हो, सासरी. आठव्या वर्षी माझं लग्न झालं होतं. मुलगा झरीचा, शेतकऱ्याच्या घरचा. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा त्याचे पाय पाहिले आणि नंतर एकदा जत्रेत त्याची पाठ पाहिली, एवढीच आमची ओळख. आणि वसतिगृहाचा नियम असा की लग्न झालेली मुलगी घ्यायची नाही, कारण ती अर्ध्यात सासरी जाते आणि सरकारचा खर्च वाया. हेडमास्तरांनी आत्याला बाजूला घेऊन हे सांगितलं आणि पुढं म्हणाले, "मला काही माहीत नाही. मी काही ऐकलं नाही." भला माणूस होता.

म्हणून त्या सकाळी आत्यानं माझ्या गळ्यातली काळी पोत काढली आणि आपल्या पदराच्या गाठीत बांधली. माझा चेहरा पाहून म्हणाली, "धुयाला काढलीय असं समज." तिच्याकडं प्रत्येक पापाला असा एक उतारा असायचा. फक्त एका गोष्टीला नव्हता आणि ती मी आता सांगते.

माझ्या नवऱ्याचं नाव साधं आहे. रात्री आभाळात जो उगवतो, पुनवेला पुरा गोल होतो आणि अमावास्येला दिसत नाही, त्याचं नाव. तो शब्द मी इथंही लिहिणार नाही. हसायचं त्यांनी खुशाल हसा. लग्न झाल्या दिवसापासून तो माझ्या तोंडातून गेला तो गेलाच. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे आमच्याकडं कुणी शिकवत नाही, ते दुधाबरोबरच पोटात जातं. वाचताना तो शब्द आला की मी खोकायची. एकदा भूगोलाच्या पेपरात सूर्यग्रहण कसं लागतं ते विचारलं होतं. मी लिहिलं, सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये ते आले की ग्रहण लागते. मास्तरांनी खाली लाल शाईनं विचारलं, 'ते कोण?' वर्गात मी सोडून सगळ्या हसल्या.

तर बाई. बाई तिशीच्या असाव्यात. चष्मा, फिकट रंगाचं गोल पातळ, हातात घड्याळ. बोलणं इतकं मऊ की मला धडकीच भरली. आमच्याकडं इतकं मऊ कोण बोलतो, तर सोयरीक मोडायला आलेला पाव्हणा. खोलीत उकडत होतं म्हणून दार उघडं ठेवलं होतं आणि दाराबाहेर पायरीवर आत्या बसली होती. मला तिचा खांदा दिसत होता.

"घाबरायचं नाही हं बाळ," बाई म्हणाल्या. "ही परीक्षा नाही."

परीक्षा नाही म्हणे. मग इतक्या पोरी रडत बाहेर कशाला आल्या?

पण खरं सांगते, सुरुवातीला मला मजाच आली. बाईंनी आकडे सांगायचे आणि मी ते उलटे म्हणायचे. लाकडी ठोकळे जुळवायचे. चित्रात काय राहिलं ते ओळखायचं. मांजराला मिशा नाहीत, खाटेला एक पाय नाही, बाईच्या एकाच कानात डूल आहे. मी फाडफाड सांगत गेले. बाई हसल्या. मी मनात परभणीला जाऊन पोचले, ट्रंक सुद्धा लावली.

मग त्यांनी पुठ्ठ्यावरची चित्रं काढली. "एकेक दाखवीन. त्याचं नाव सांगायचं. पटकन."

कुलूप. पतंग. बैलगाडी. होडी, जी मी जन्मात पाहिली नव्हती. आणि मग काळं आभाळ, चार चांदण्या, आणि मधोमध तो.

मी खोकले.

"सांग ना," बाई म्हणाल्या. "सोपं आहे. याचं नाव काय?"

"आभाळातला हाय," मी म्हटलं.

"आभाळातला आहे, बरोबर. पण नाव?"

लग्नात बायका घेरतात आणि म्हणतात, नाव घे, नाव घे. तेव्हा निदान सगळ्या हसत तरी असतात. मी इकडं तिकडं पाहिलं. मग मला उर्दू आठवली. "चांद," मी म्हटलं आणि मोठा श्वास सोडला. पहिलीतला कायदा पहिल्यांदाच कामी आला होता.

"मराठीत सांग."

"चांद."

"ते उर्दू झालं. आता आपण मराठीत शिकतो ना? मराठीत सांग." त्यांनी घड्याळाकडं पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर पहिल्यांदा आठी आली. माझ्यावर रागावल्या नव्हत्या, त्यांना माझी कीव येत होती. त्याचा मला संताप आला. "तुमच्या भागातल्या मुलांचं हेच होतं," त्या म्हणाल्या, "एक भाषा सुटली आणि दुसरी आली नाही." मी पुस्तकातल्या कविता पाठ म्हणणारी पोरगी, आणि मला मराठी येत नाही! तोंडावर सांगावंसं वाटलं की बाई, तो शब्द मला तुमच्याहून चांगला येतो, माझ्या तर तो कुंकवात आहे.

पण तेच तर सांगता येत नव्हतं. नवऱ्याचं नाव आहे म्हटलं की लग्न उघडं पडलं, वसतिगृह गेलं. गप्प राहिलं की मंदबुद्धी ठरले, वसतिगृह गेलं. इकडं आड, तिकडं विहीर.

"हे बघ," बाई पुढं झुकल्या. "हे अगदी लहान मुलांचं चित्र आहे. हे आलं नाही तर नियमाप्रमाणं मला पुढं जाता येत नाही. इथंच थांबावं लागेल. आणखी थोडा वेळ देते."

बाहेर आत्या खाकरली.

ते खाकरणं मला कळलं. 'म्हणू नकोस' असं होतं ते. जिनं माझ्यासाठी बापाशी भांडण घेतलं, माझ्या गळ्यातली पोत सोडली, तीच आता मला गप्प राहा म्हणत होती. आणि तिचं ऐकायला मी बांधील होते, कारण आत्याला ह्या गोष्टीचा अनुभव होता.

निजामी अमदानीच्या अखेरच्या दिवसात मामांना, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला, चौकीवर धरून नेलं होतं. कशासाठी ते त्यांनाही कळलं नाही. त्या दिवसात कारण लागत नसे. आत्या चौकीसमोर दिवसभर उन्हात बसली. संध्याकाळी आतला शिपाई बाहेर आला आणि म्हणाला, "मरद का नाम बोल, छोड देते." आत्या गप्प. तो म्हणाला, नाव नाही तर माणूस नाही, जा घरी. बरोबर दुसरं कुणी नव्हतं, तिच्या जागी नाव सांगायला. शेवटी आत्यानं नाव घेतलं. मामांना सोडलं. ते चालत घरी आले, पाणी प्यायले आणि आठवडा उलटायच्या आत गेले. त्यांच्या पाठीवरचे वळ सगळ्या गल्लीनं पाहिले होते. पण आत्याला विचारलं तर ती एकच सांगायची, "मी नाव घेतलं, म्हनून गेले." ती हे रडून सांगत नसे. विहिरीला पाणी नाही असं सांगावं तसं सांगायची आणि कामाला लागायची.

आता कळलं ना, मी का गप्प होते? झरीच्या त्या पोरानं माझं काही वाकडं केलं नव्हतं. पाठमोरा बरा दिसत होता.

आत्या उठून दारात आली. "बाई, लेकरू थकलंय," ती म्हणाली. "ते चितर ऱ्हाऊ द्या. दुसरं काई बी इचारा, सांगंल ती."

"तुम्ही मध्ये बोलू नका हो," बाई म्हणाल्या. आवाजातला मऊपणा आता संपत आला होता. "बाहेर बसा. नाहीतर मला चाचणी रद्द करावी लागेल."

आत्या पुन्हा पायरीवर बसली. बाईंनी चित्रांवर हात ठेवला, गोळा करण्यासाठी. मला त्या हाताखाली चैत महिना दिसला, झरीचा रस्ता दिसला, चूल दिसली.

आणि मला लग्नातला उखाणा आठवला.

आठ वर्षांच्या पोरीकडून बायकांनी तो घोकून घेतला होता. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं. उखाण्यात घेतलं की ते नाव घेणं होत नाही, तो मान होतो. पण इथं उखाणा घेतला तर बाई काही खुळ्या नव्हत्या. त्यांच्याही गळ्यात मंगळसूत्र होतं. मग मी काय केलं? डोळे मिटले. झऱ्याच्या पाण्याला वाळूचा तळ, ही ओळ मनात म्हटली, ओठ सुद्धा हलू दिले नाहीत. मग नाव तेवढं मोठ्यानं म्हटलं. आणि लगेच उरलेलं पुन्हा मनात, ह्यांचं नाव घेते, देवा दे बळ. देवाला उखाणा पोचला आणि बाईंना शब्द.

"शाबास," बाई म्हणाल्या. "येत होतं की! मग इतका वेळ का लावलास?"

"आठवत नव्हतं," मी म्हटलं.

पुढची चित्रं मी कशी सांगितली मला ठाऊक नाही. सगळी बरोबर आली. बाहेर आत्याचा खांदा दिसेनासा झाला होता. बाईंनी चित्रं आवरली आणि माझ्याकडं पाहत राहिल्या. त्यांची नजर माझ्या गळ्यावर थांबली. वर्षानुवर्षं पोत बसून तिथं एक वळ पडला होता. आम्ही डोकं धुतलं, गळ्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

"गळ्याला काय झालंय?"

"खरूज," मी म्हटलं.

बाईंनी उघड्या दाराकडं पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "पदर नीट घे. परभणीला गेलीस की डॉक्टरांना दाखवू नकोस." त्यांना किती कळलं होतं ते मला आजवर सांगता येत नाही. त्यांनी आत्याला आत बोलावलं आणि सांगितलं की मुलगी हुशार आहे, तिला परभणीला घेऊ. आत्यानं हात जोडले. माझ्याकडं मात्र पाहिलं नाही.

शाळेतून निघालो ती आत्या पुढं आणि मी मागं. मोंढ्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, त्यांच्यामधून ती अशी सुसाट चालली होती की मला पळावं लागलं. मला आनंद व्हायला हवा होता आणि मला रडू येत होतं. तिला वाटत होतं मी नुसतं नाव घेतलं. उघडं, बोडकं, तिनं घेतलं होतं तसं.

"आत्या, थांब की," मी ओरडले. "अगं, मी उखाणा घेतला."

ती थांबली. "कवा? मला तर ऐकू आला न्हाई."

"मनात. पहिली ओळ मनात, मग नाव मोठ्यानं, मग शेवटची ओळ मनात. मधी श्वास सुद्धा सोडला नाही."

"मनात म्हनलं तरी चालतंय?"

"कामून न्हाई चालणार? देवाला मनातलं ऐकू येत नसतं, तर लोक देवळात डोळे मिटून कशाला उभे ऱ्हातात?" मी अगदी फुशारून सांगत होते. एवढ्या मोठ्या बाईला फसवलं, देवाला राजी ठेवलं, नवरा वाचवला आणि परभणी पण मिळवली. मला वाटलं आत्या आता हसेल, पाठीत धपाटा घालेल आणि म्हणेल, लय शहाणी झालीस.

आत्यानं गाडीच्या चाकाला हात लावला आणि तिथंच उभी राहिली. "म्हंजी त्या दिशी," ती म्हणाली, "चौकीसमोर मी बी मनात म्हनले असते तर."

तोवर मला हे दिसलंच नव्हतं. मी बोलून गेले होते. मी घाबरले आणि त्या भीतीचा राग झाला, माझं नेहमी असंच होतं. मी भर मोंढ्यात तिच्या अंगावर ओरडले, "आत्या, मामा मारानं गेले. नावानं न्हाई. त्यांची पाठ तू पाहिलीस ना? मग असं कामून बोलायलीस?"

"व्हय," आत्या म्हणाली. "सगळे तसंच म्हनत्यात." मग माझा हात धरला आणि चालायला लागली. जरा वेळानं म्हणाली, "उखाना येत हुता गं मला. चांगला येत हुता."

मी परभणीला गेले. मास्तरीण झाले. सासरच्यांना कळलं तेव्हा थोडी आदळआपट झाली आणि मिटली. झरीचा तो मुलगाच म्हणाला, शिकू द्या. तो अजून आहे, वय झालंय, कान गेलेत, आणि मी त्याला हाक मारताना अजून 'अहो' म्हणते.

सुट्टीत सेलूला आले की आत्या मला घरोघर मिरवायची. शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी लय हुशार हाय. सरकारनं डोकं तपासून सांगितलंय." त्या विचारायच्या, असं काय बघितलं हो तिच्या डोक्यात? आत्या माझ्या केसांवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "तिला ऐन वक्ताला सुचतं." आणि तिथंच बोलणं तोडून, माझा हात धरून पुढच्या घराकडं चालायला लागायची.